भाड्याच्या फ्लॅटमधील गिझर आणि नळदुरुस्ती : पुण्याच्या कर्वेनगरमधील एका दुकानाविषयी

भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये राहायला आल्यावर पहिल्याच सकाळी गिझर लावला आणि दहा मिनिटांत घरभरची वीज गेली. नोंदणी झालेल्या लिव्ह अँड लायसन्स करारातील यादीत गिझर व वॉशिंग मशीन ‘चालू स्थितीत’ असल्याचे नमूद होते. प्रत्यक्षात गिझर लावला की ईएलसीबी, म्हणजे वीजगळती होताच पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच, पडत होता, मशीनमध्ये पाणी भरायला पाऊण तास लागत होता आणि फ्लशच्या टाकीतून रात्रंदिवस पाणी झिरपत होते. मोबाइलवरून बोलावलेल्या एका सेवेच्या माणसाने गिझरचे झाकणही न उघडता ईएलसीबी काढून टाकण्याचा सल्ला दिला. ओल्या हातांनी नळ उघडला जातो त्या बाथरूमसाठी असा सल्ला देणे मला अक्षम्य वाटते.

त्यानंतर शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून आमच्याच गल्लीतल्या, वीज आणि नळ अशी दोन्ही कामे करणाऱ्या दुकानात गेले. तिथल्या कारागिरांनी मेन स्विच बंद करून गिझर उतरवला, टाकी रिकामी केली आणि कॉइल बाहेर काढून माझ्या हातात दिली. तिच्यावर क्षारांचा इतका जाड, खरखरीत थर चढला होता की खालचा धातू दिसतच नव्हता, आणि मधोमध नखाएवढी चीर होती. “ताई, खडकवासला धरणाच्या पाण्यानं एवढं होत नाही, तुमच्याकडं बोअरचं आणि टँकरचं पाणी मिसळतंय,” असे ते म्हणाले. थरामुळे उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, कॉइल प्रमाणाबाहेर तापते, तिचे आवरण तडकते आणि आत पाणी शिरून वीज अर्थिंगकडे गळू लागते. घरगुती ईएलसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडतो, म्हणजे आमचा ईएलसीबी आपले काम चोख करत होता.

मशीनचा दोष तर पाण्याचा पाइप जोडतात तिथल्या जाळीतच होता. त्यांनी ती पकडीने अलगद ओढली, अडकलेली वाळू जुन्या टूथब्रशने काढली आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. फ्लशचा वॉशर बदलून झाला.

तक्रार वेळेबाबत आहे. मंगळवारी सकाळी येतो म्हणून ते गुरुवारी संध्याकाळी आले आणि मधल्या काळात फोन उचलला गेला नाही. नोकरी करणाऱ्या माणसाला दोन दिवस असे अडकून पडणे परवडत नाही. मात्र प्रत्येक सुट्या भागाची किंमत वेगळी लिहिलेले बिल आणि काढलेली जुनी कॉइल त्यांनी मागण्याआधीच दिली. दोन्हींचे फोटो करारातल्या यादीसह पाठवल्यावर घरमालकांनी पूर्ण रक्कम पुढच्या भाड्यातून वळती करण्यास मान्यता दिली. नव्या कॉइलवर सहा महिन्यांची हमी बिलावरच लिहून मिळाली आहे, आणि दिवाळीनंतर टाकीतले क्षार काढण्यासाठी मी त्यांनाच बोलावणार आहे.