पेनड्राइव्हवर कोणती नेटवर्क टूल्स द्यायची? फुकट, मुक्त आणि अधली-मधली

गेल्या महिन्यात एका मुलाचा फोन आला. माझ्या हाताखाली दीड वर्ष होता, आता तालुक्याला स्वतःची कामं घेतो. दोन शाळांच्या संगणक लॅब, एक पतसंस्था, तीन-चार दवाखाने. म्हणाला, "सर, तुमचा तो निळा पेनड्राइव्ह एकदा कॉपी करून द्या ना."

द्यायला ना नव्हती. पण आधी उघडून बघितला आणि माझी मलाच लाज वाटली. बारा वर्षांत साठत गेलेली अडगळ होती ती. एकाच टूलच्या तीन-तीन आवृत्त्या, कुठून उतरवल्या ते आठवत नाही अशा झिप फाइली, मुदत संपलेले ट्रायल, आणि मधेच खरोखर कामाची पाच-सहा टूल्स. काय द्यायचं आणि काय नाही हे ठरवताना जी तुलना झाली, ती इथे मांडतोय. असा संच जमवायचा किंवा कुणाला द्यायचा विचार असेल तर उपयोगी पडेल.

आधी परवाना

फुकट मिळतं ते सगळं वाटता येतं असं नाही. मायक्रोसॉफ्टचा सिसइंटर्नल्स संच घ्या. त्यातलं टीसीपीव्ह्यू माझ्या रोजच्या वापरातलं. कोणता प्रोग्रॅम कोणत्या पत्त्याशी बोलतोय ते एका खिडकीत दिसतं. पैसे पडत नाहीत. पण ते ओपन सोर्स (मूळ कोड सगळ्यांना खुला) नाही, आणि कॉपी करून इतरांना वाटायला मायक्रोसॉफ्टची परवानगी नाही. म्हणजे मुलाला लिंक द्यायची, फाइल नाही.

याउलट वायरशार्क, एमटीआर आणि अँग्री आयपी स्कॅनर (कोणतं काय करतं ते पुढे येईलच) जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत. टीसीपीडम्प आणि आयपर्फ३ बीएसडी परवान्याखाली, पुटी (दूरच्या संगणकात शिरून कमांड द्यायचं टूल) एमआयटीखाली. ही सगळी बिनदिक्कत दहा जणांना द्या. फरक असा की बीएसडी आणि एमआयटीत परवान्याचा मजकूर सोबत ठेवला की काम भागतं, जीपीएलमध्ये सोर्स कोड मिळण्याची सोयही आपणच करायची असते. मी सरळ त्याच आवृत्तीचा सोर्स झिप करून शेजारी ठेवून दिला. तो कुणी उघडणार नाही हे मलाही माहीत आहे.

एनमॅपचं, म्हणजे नेटवर्कवरची यंत्रं शोधणाऱ्या टूलचं, घोंगडं जरा भिजत पडलेलं. गॉर्डन लायन यांनी १९९७ मध्ये ते आणलं, आणि बरीच वर्षं ते जीपीएलच्याच सुधारित रूपाखाली होतं. २०२० च्या ७.९० आवृत्तीपासून त्याचा स्वतःचा एनपीएसएल परवाना आहे. स्वतः वापरणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. आपल्या बंद सॉफ्टवेअरमध्ये घालून विकायचं असेल तर मात्र वेगळा करार लागतो. खरी गोची विंडोजवर आहे. तिथे पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे तुकडे) पकडायला एनपीकॅप हा ड्रायव्हर लागतो. वायरशार्क मुक्त, पण त्याच्याखालचा हा ड्रायव्हर मुक्त नाही. फुकट आवृत्ती पाच संगणकांपर्यंत (फक्त वायरशार्क किंवा एनमॅपसोबत वापरली तर ही मोजणी लागू होत नाही), आणि पुढे वाटायची मुभा नाही. त्यामुळे या दोघांचे विंडोज इन्स्टॉलर मी पेनड्राइव्हवर ठेवतच नाही, मूळ संकेतस्थळाचा पत्ता लिहून ठेवतो.

पिंग की एमटीआर?

पिंग सगळ्यांना येतं. माइक म्यूस यांनी ते डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलं, आणि आजही "नेट गेलंय" म्हटलं की बोटं आधी तिकडेच जातात. पण पिंग इतकंच सांगतं की पोचलं किंवा नाही पोचलं. वाटेत कुठे अडलं ते ट्रेसराउट सांगतं, पण एकदाच; तेवढ्या क्षणी सगळं ठीक असेल तर काही कळत नाही. एमटीआर दोन्ही एकत्र करतं, आणि चालू ठेवलं की प्रत्येक टप्प्यावरची गळती, म्हणजे हरवलेली पॅकेट, टक्क्यांत दाखवत राहतं.

एका दवाखान्यात व्हिडिओ कॉल तुटायचे. रिसेप्शनवरच्या ताई रोज सेवा देणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनशी भांडायच्या. एमटीआर वीस मिनिटं चालू ठेवलं, तर पहिल्याच ओळीवर, म्हणजे त्यांच्याच राउटरवर, ११ टक्के गळती. बाहेरच्या कंपनीचा संबंधच नव्हता. टेबलाखाली वाकून पाहिलं तर पॅच कॉर्ड खुर्चीच्या चाकाखाली येऊन चेपलेली. ताई खुर्ची सरकवून फाइल काढायच्या आणि आत डॉक्टरांचा कॉल अडकायचा. चाळीस रुपयांची कॉर्ड बदलली.

एमटीआर वाचताना नवखे एक चूक हमखास करतात. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के गळती दिसते आणि स्क्रीनशॉट काढून भांडायला निघतात. शेवटची ओळ बघायची. तिथे शून्य असेल तर मधलं सोडून द्यायचं. मोठे राउटर पुढचे पॅकेट इमानदारीत ढकलतात, आपल्या चौकशीला उत्तर द्यायचं काम मात्र सावकाश करतात. गळती एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकली, तरच ती खरी.

निवडायचं तर एमटीआर. विंडोजसाठी विनएमटीआर आहे, तेही जीपीएलखाली, आणि चढवायची कटकट नाही.

स्पीड टेस्ट की आयपर्फ३?

ब्राउझरमधली स्पीड टेस्ट बाहेरच्या जगापर्यंतचा वेग सांगते. लॅबमधल्या सर्व्हरवरून धडा उघडायला दोन मिनिटं लागत असतील तर तिचा उपयोग नाही. तिथे आयपर्फ३. अमेरिकेतल्या ईएसनेट या संशोधन-नेटवर्कची मंडळी ते सांभाळतात. एका संगणकावर सर्व्हर, दुसऱ्यावर क्लायंट, मधे फक्त आपली वायर.

यात दोन आकडे पाठ करून ठेवावेत, ९४ आणि ९४०. गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट) जोडणी धड असेल तर साधारण ९४० मेगाबिट येतात. ९४ आले की समजायचं जोडणी १०० वर उतरली आहे. शंभराच्या जोडणीला केबलमधल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. म्हणजे एखादी तार तुटली किंवा कनेक्टर नीट क्रिंप झाला नाही तरी नेट बंद पडत नाही, गुपचूप दहापट मंदावतं. लिंकचा दिवा लागलेलाच असतो, म्हणून महिनोन्महिने कुणाला पत्ता लागत नाही. एका लॅबमध्ये अशी सात यंत्रं निघाली. सातही एकाच भिंतीवरच्या आय-ओ बॉक्समधून (केबल खोचायच्या खोक्यातून) गेलेली.

एक सावधगिरी. विंडोजला आयपर्फ३ चा अधिकृत आधार नाही. तिथे मिळते ती बाहेरच्यांनी बांधलेली फाइल, आणि कित्येकदा जुनी. मी दोन्ही टोकांना लिनक्स ठेवतो. एक लॅपटॉप, दुसरीकडे लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून लिनक्स थेट सुरू होतं). आकडा विचित्र आला तर ५२०१ हा पोर्ट (आयपर्फ३ ज्या क्रमांकाच्या दारातून बोलतं तो) फायरवॉलमध्ये अडकत नाही ना ते बघायचं, आणि उलट दिशेनंही एकदा मोजायचं.

वायरशार्क की टीसीपीडम्प?

खरं तर हे प्रतिस्पर्धी नाहीत. टीसीपीडम्प १९८८ पासूनचं, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतलं. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर पुटीमधून शिरून पॅकेट फाइलमध्ये उतरवायला. वायरशार्क गेराल्ड कॉम्ब्स यांनी १९९८ मध्ये ईथरिअल नावानं सुरू केलं, २००६ मध्ये ट्रेडमार्कच्या भानगडीमुळे नाव बदललं. ती उतरवलेली फाइल आपल्या लॅपटॉपवर उघडायला ते. नवशिक्याला आधी वायरशार्क द्यावं, कारण त्यात डोळ्यांना दिसतं.

शाळेच्या लॅबमध्ये अर्ध्या संगणकांवर नेट, अर्ध्यांवर नाही. चालणाऱ्यांचा पत्ता १९२.१६८.१ नं सुरू होणारा, न चालणाऱ्यांचा १९२.१६८.० नं. वायरशार्क चालू करून फिल्टरच्या चौकटीत डीएचसीपी (यंत्रांना आपोआप पत्ते वाटायची पद्धत) एवढंच लिहिलं, त्याच संगणकावर पत्ता सोडून पुन्हा मागितला. मागणी एक, देकार दोन! दुसरा देकार देणाऱ्याच्या मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाला कारखान्यात मिळालेल्या क्रमांकावरून) उत्पादकाचं नाव दिसलं, आणि ते नाव वाचून एक सर ओशाळले. घरचा जुना राउटर त्यांनी स्टाफरूममध्ये वायफायसाठी आणला होता, आणि केबल लॅनच्या भोकात खुपसली होती. तो बिचारा सगळ्या शाळेला पत्ते वाटत बसलेला.

हेच काम एनमॅपची एक तयार स्क्रिप्ट एका ओळीत करते, उत्तर देणारे सर्व्हर छापून मोकळी होते. घाईत मी तीच वापरतो. पण त्या मुलाला दोन देकार स्वतःच्या डोळ्यांनी एकाखाली एक दिसायला हवेत.

वायरशार्ककडून एक अपेक्षा ठेवू नये. स्विचला लॅपटॉप लावला की सगळ्या ऑफिसची वाहतूक दिसत नाही, आपली आणि सगळ्यांना उद्देशून असलेली तेवढीच दिसते. बाकीची हवी तर स्विचमध्ये पोर्ट मिररिंग (दुसऱ्या पोर्टच्या वाहतुकीची नक्कल आपल्याकडे पाठवणं) लागतं. आणि पकडलेली फाइल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर "कुणी बघता का" म्हणून टाकू नये. कोण कुठली संकेतस्थळं उघडत होतं ते त्यात असतं, आणि जुन्या कॅमेऱ्यांचे उघडे पासवर्डसुद्धा.

अँग्री आयपी स्कॅनर की एनमॅप?

पतसंस्थेत जाऊन "तुमच्याकडे एकूण किती यंत्रं?" विचारलं की मॅनेजर बोटं मोजायला लागतात. त्या वेळी अँग्री. पत्त्यांचा पट्टा द्या, बटण दाबा, लाल, निळे, हिरवे ठिपके. यादी एक्सेलला उघडेल अशी काढून मॅनेजरांच्या हातात. समजावावं काहीच लागत नाही. पिंगला उत्तर न देणारं यंत्र चालू असूनही लाल, म्हणजे बंद, दिसू शकतं, मग सेटिंगमध्ये पिंगची पद्धत बदलून बघावी लागते. एनमॅप अ‍ॅडमिन हक्कानं चालवलं तर आपल्याच लॅनमध्ये एआरपीनं ('हा पत्ता कुणाचा?' असं पुकारायच्या पद्धतीनं) विचारतं, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय यंत्राला सुटका नसते. यादी पुरी हवी तर एनमॅप. त्यापुढे उघडे पोर्ट, मागची सेवा, तिची आवृत्ती.

एनमॅपची एक गंमत. आवृत्ती ओळखताना ते ९१०० हा पोर्ट आपणहून वगळतं, कारण काही प्रिंटर त्या पोर्टवर आलेलं काहीही निमूटपणे छापतात. हे वगळणं बंद करणारा 'ऑलपोर्ट्स' नावाचा पर्याय आहे. मी एकदा उत्साहात तो दिला. महिनाअखेर होती, काउंटरमागचा प्रिंटर अगम्य ओळींचे कागद टाकत सुटला, आणि कॅशियर काका दोन्ही हात वर करून उभे राहिले.

आणखी एक, हे गमतीचं नाही. दुसऱ्याच्या नेटवर्कवर स्कॅन करायच्या आधी दोन ओळींची लेखी परवानगी घ्यावी. मालकाच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये येतं. ते अप्रामाणिकपणे किंवा फसवण्यासाठी केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्कॅन म्हणजे शिरणं का, हा वाद कोर्टात घालण्यापेक्षा कागद खिशात असलेला बरा.

मग सगळं असलेली कालीच का देऊ नये?

मुलाचाही हाच प्रश्न होता. काली लिनक्स या सुरक्षा-चाचणीसाठीच्या प्रणालीत वरचं बहुतेक सगळं तयार असतं, पेनड्राइव्हवरून चालू होतं. पण सोबत हल्ला करायची शेकडो टूल्सही येतात, आणि दवाखान्यातल्या कुणी स्क्रीनवर ते नाव वाचलं की पुढचा अर्धा तास आपण चोर नाही हे पटवण्यात जातो. साधं डेबियन लाइव्ह (पेनड्राइव्हवरून चालणारं नेहमीचं लिनक्स) घेऊन त्यात पाच टूल्स चढवली तर तेवढंच काम होतं.

द्यायचं कसं

जीमेल एक्झी फाइल जोडू देत नाही, आणि नेटकॅटसारख्या (दोन यंत्रांत थेट माहिती पाठवणाऱ्या) टूलला अँटिव्हायरस 'हॅकटूल' म्हणून उचलून फेकतो. म्हणून हातोहात पेनड्राइव्हच बरा. प्रत्येक फाइल मूळ ठिकाणाहून नव्यानं उतरवली आणि तिचा शा-२५६ ठसा (फाइल बदललेली नाही हे पडताळायचा आकडा) जुळवला. विंडोजमध्ये सर्टयूटिल त्यासाठी आधीपासून असतं. 'मूळ ठिकाण' हेही तपासावं लागतं. पुटीच्या नावामागे डॉट ऑर्ग लावलेलं संकेतस्थळ पुटीच्या लेखकाचं नाही, तरी शोधात ते वर दिसतं.

शेवटी पेनड्राइव्हवर गेलं ते इतकंच: विनएमटीआर, अँग्री, पुटी, त्यांचे सोर्स आणि परवाने, पाच टूल्स चढवलेलं डेबियन, आणि लिंकांची एक फाइल. मुलानं उघडून बघितलं आणि म्हणाला, "सर, एवढंच?" मी म्हटलं, आधी 'वाचा' नावाची फाइल उघड. तिची पहिली ओळ मी ठळक करून ठेवली आहे: ऑलपोर्ट्स वापरायचा झाल्यास आधी प्रिंटरमधले कागद काढून घे.