पोर्ट उघडून देतो म्हणाला आणि २७,७०९ रुपये घेऊन गेला

इंटरनेट कंपनीचा माणूस असल्याचं भासवून एका भामट्याने मला फोनवर लुटलं. आकडे आधी सांगतो. लाइन चेकिंगचे ४९९, स्टॅटिक आयपीचे (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) जीएसटीसकट २,३६० आणि कार्डावरून परस्पर उडवलेले २४,८५०. एकूण २७,७०९.

मी ऐरोलीत राहतो. घरच्या लॅपटॉपवर माइनक्राफ्ट या गेमचा सर्व्हर चालवतो, पुण्या-साताऱ्याचे मित्र रात्री खेळायला येतात. इंटरनेटची कंपनी बदलली आणि सगळ्यांना 'कनेक्शन टाइम्ड आउट' यायला लागलं. राउटरमध्ये २५५६५ पोर्ट, म्हणजे बाहेरच्यांना गेमपर्यंत आणणारं दार, लॅपटॉपकडे फॉरवर्ड केलेला होता, लॅपटॉपचा आयपी फिक्स होता, फायरवॉलमध्ये परवानगी दिलेली होती. त्यामुळे 'कळत नव्हतं म्हणून फसला' असं कोणी म्हणू नये. कंपनीचा कस्टमर केअर नंबर सर्च केला, सगळ्यात वर आला तो लावला. समोरचा स्वच्छ मराठीत विचारतो, "सर, नॅट टाइप स्ट्रिक्ट दाखवतंय का?" अशी नेटवर्कवाल्यांची नेमकी भाषा बोलणाऱ्या माणसावर संशय कसा घ्यायचा?

स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला लावून त्याने राउटरचं पान उघडलं. वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, १०० पॉइंट ७२ ने सुरू होत होता. डोळ्यासमोर होता तो आकडा! १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते सीजीनॅटचे. म्हणजे कंपनी एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटते, आणि मग तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. याचा कर्सर त्या ओळीवर थांबला, झरकन खाली गेला आणि म्हणाला, "पोर्ट ब्लॉक आहे, मी खोलून देतो." खऱ्या इंजिनिअरने तिथेच सीजीनॅटचं नाव घेतलं असतं. ती ओळ आठवली की आजही डोकं फिरतं. वॅन आयपी आणि 'व्हॉट इज माय आयपी' साइटवर दिसणारा आयपी वेगळे असतील तर कोणालाही पैसे देऊ नका, दुखणं राउटरमध्ये नाहीच.

स्टॅटिक आयपीचे पैसे त्याने एका खासगी यूपीआयवर घेतले. खरी कंपनी ते बिलात लावते. मग "आयपी तुमच्या नावावर चढवायला कार्डने १० रुपये भरा" म्हणाला. कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही त्याला स्क्रीनवर दिसला. "अपडेट चालू आहे, हात लावू नका" म्हणत स्क्रीन काळी केली. ऑफिसच्या कामासाठी मोबाइलचे मेसेज मी लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडे ठेवतो, बरेच जण ठेवतात. ओटीपी तिथूनच उचलला. मी तो कोणालाही सांगितलेला नाही.

बँकेचं मात्र एकच पालुपद: ओटीपी पडला म्हणजे व्यवहार तुम्हीच केला. फसव्या व्यवहारात ग्राहकाची जबाबदारी मर्यादित करणारं रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक दाखवलं तर समोरची बाई म्हणे मेल करा. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, नंबर मिळाला, पुढे शांतता. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, "गेम म्हणजे जुगार का?" मग "बँकेची शाखा ठाणे शहरात आहे ना, तिकडे जा." ठाणे शहरातले पोलीस म्हणतात, तुम्ही राहता नवी मुंबईत, आमची हद्द नाही. झीरो एफआयआर कायद्यात लिहिलेली आहे, हद्द कुठलीही असो तक्रार घ्यावीच लागते, हे मी त्यांना सांगायचं? चोर एका फोनवर घरात शिरतो आणि तक्रारदाराने खाडीच्या दोन्ही बाजूंना खेटे घालायचे! पैसे गेले असतील तर पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढण्याआधी १९३० लावा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येते. कार्ड लगेच ब्लॉक करा आणि बँकेला लेखी कळवा, कळवल्यानंतरचं नुकसान बँकेच्या माथी असतं.

सर्व्हर आता टेलस्केलवर चालतो, म्हणजे आमची मशीन आपसांत खासगी जाळ्यात जोडणाऱ्या ॲपवर; घरगुती वापराला फुकट. मित्रांनीही तेच ॲप टाकलं, पोर्टची भानगडच उरली नाही. तो नंबर अजून सर्चमध्ये कंपनीच्या नावाखाली दिसतो. मी रिपोर्ट केलाय, तुम्हीही करा. आणि कंपनीचा नंबर फक्त बिलावरून किंवा त्यांच्या ॲपमधूनच घ्या.