मधपेटीचा सुरुवातीचा संच: एक हंगाम वापरल्यावर

नवशिक्यांसाठी म्हणून मिळणारा मधमाशीपालनाचा संच घेतला, त्याला आता एक आख्खा हंगाम होऊन गेला. संचात दहा चौकटींची लँगस्ट्रॉथ पेटी, मेणपत्रे (चौकटीत बसवायचे मेणाचे पत्रे, ज्यांवर माश्या पोळं बांधतात), धुराडं, चौकटी सोडवायची पटाशी, जाळीच्या टोपीचा अंगरखा, चामडी हातमोजे, राणीला वर जाऊ न देणारी जाळी, ब्रश आणि दारात लावायचं खाद्यपात्र एवढं सामान होतं. माश्या मेलिफेरा, म्हणजे युरोपीय जातीच्या. सातेरी, म्हणजे आपल्याकडच्या देशी माश्या पाळायच्या असतील तर पेटी लहान लागते आणि एकीच्या चौकटी दुसरीत बसत नाहीत, हे आधीच सांगतो.

गुण देताना कसोटी एकच धरली आहे: या वस्तूमुळे पेटी उघडी राहण्याचा वेळ कमी होतो की वाढतो? पिल्लांच्या भागात माश्या साधारण 34 ते 35 अंश सेल्सिअस ऊब राखून असतात. झाकण काढलं की ती जाते, आणि परत आणायला माश्या खपतात. त्यात मधाचा वास बाहेर पसरला की दुसऱ्या वसाहतींच्या माश्या लुटायला टपलेल्याच असतात. त्यामुळे जाहिरातीत वस्तू कितीही देखणी दिसो, पेटीपाशी माझा खोळंबा करत असेल तर ती माझ्या लेखी नापास.

पेटीपासून सुरुवात करतो, कारण तक्रारही तिथलीच आहे. लोरेंझो लँगस्ट्रॉथने 1852 साली ज्या पेटीचं पेटंट घेतलं तिचं सगळं मर्म मोकळ्या जागेत आहे. साधारण 6 ते 9 मिलिमीटरची फट माश्या येण्याजाण्यासाठी मोकळी ठेवतात. त्याहून अरुंद फट राळेने बुजवतात, रुंद असेल तर तिथे पोळं बांधतात. माझ्या पेटीत एका बाजूची शेवटची चौकट आणि भिंत यांत ही फट चांगली 12 मिलिमीटरच्या आसपास होती. फुलोरा सुरू झाला आणि माश्यांनी तिथे भिंतीपासून चौकटीपर्यंत पोळ्याचा पूल बांधून टाकला. मग दर तपासणीला ती चौकट उचलली की पूल तुटणार, मध ओघळणार, माश्या बिथरणार. शेवटी आतून एक पातळ पट्टी ठोकली तेव्हा कटकट मिटली. पेटी हातात आली की रंग बघण्याआधी मोजपट्टी घेऊन मापं बघा. सुतारकाम उत्तम आणि माप चुकलेलं, अशी पेटी काही कामाची नाही.

वजनाचाही अंदाज असू द्या. खोल कोठी (चौकटी ठेवायचा पेटीचा एक मजला) मधाने पूर्ण भरली तर 35 ते 40 किलोपर्यंत जाते. ती कमरेतून वाकून, आत हजारो माश्या असताना, धक्का न लागू देता उचलायची असते. मधासाठी वर ठेवायची कोठी उथळच घ्या.

धुराडं मात्र संचातली सर्वात मोलाची वस्तू निघाली. धूर का चालतो याची दोन कारणं: धोक्याचा इशारा देणारा माश्यांचा गंध त्यात झाकला जातो, आणि धुराच्या चाहुलीने बऱ्याच माश्या मध पोटात भरून घ्यायला लागतात. तो इशाऱ्याचा गंध आपल्यालाही येतो, पिकलेल्या केळ्यासारखा. डंख बसला की काटा नखाने लगेच खरवडून काढायचा आणि त्या जागेवर धूर मारायचा, नाहीतर पुढच्या माशीला नेमका पत्ता मिळतो.

पेटवायची रीत माहितीपत्रकात एका ओळीत उरकली होती, म्हणून जरा सविस्तर. तळाशी चुरगळलेला कागद पेटवा, त्यावर थोडी सुकी पानं टाका आणि भाता हळूहळू दाबत राहा. जाळ नीट धरला की कोरडं गोणपाट सैल गुंडाळून आत सारा. वरून मूठभर हिरवं गवत ठेवलं की ठिणग्या अडतात आणि धूर गार होतो. नळीसमोर हाताचा तळवा धरून बघा. चटका बसला तर तो धूर माश्यांनाही चटकाच देणार. पांढरा, दाट, गार धूर हवा. दाराशी दोनतीन झोत, झाकण किंचित उचलून एक, आणि मिनिटभर थांबायचं. ते मिनिट गाळलं की पुढे पंधरा मिनिटं निस्तरत बसावं लागतं. माझ्या धुराड्याचा भाता अजून शाबूत आहे. सर्वात लहान आकाराची धुराडी मात्र टाळा, ऐन वेळी विझतात.

हातमोजे नापास. चामडं जाड, बोटांना काही कळत नाही, आणि चौकट उचलताना एखादी माशी चिरडली की इशाऱ्याचा गंध चामड्यात मुरतो. आता मी पातळ नायट्राइलचे मोजे घालतो. डंख त्यातून बसू शकतो, पण हात आपोआप सावकाश चालतो. अंगरखा ठीक आहे. जाळी काळी आहे हे चांगलं, पांढऱ्या जाळीतून डोळ्यांवर चमक येते. गळ्यापाशी दोन चेन जिथे भेटतात तिथली झडप नीट दाबली आहे ना, हे दर वेळी बघायचं. माशीला तेवढी फट पुरते. डंखाने अंगभर पित्त उठणं, श्वास लागणं, चक्कर येणं असं पूर्वी कधी झालं असेल तर संच मागवण्याआधी डॉक्टरांकडे जा. इथे अंगरख्यावर भिस्त ठेवू नये.

ब्रश पडून आहे. केसाळ ब्रश माश्यांना आवडत नाही, त्यात त्या अडकतात आणि चिडतात. चौकट पेटीवर धरून एक खालच्या दिशेचा झटका दिला की बहुतेक माश्या आत पडतात. पटाशी साधी पण पक्की आहे. तिला भडक रंग द्या, गवतात पडली की सापडत नाही.

या सगळ्यापेक्षा पेटी उघडी राहण्याचा वेळ ज्याने कमी झाला ती गोष्ट कुठल्याच संचात मिळत नाही: अंडी ओळखता येणं. नवा माणूस पेटी उघडली की राणी शोधायला लागतो आणि दहाही चौकटी उलटसुलट करतो. तिची गरज नसते. ऊन पाठीमागून खांद्यावरून येईल असं उभं राहायचं, चौकट किंचित कलती धरायची आणि पोळ्यातल्या सहाकोनी घराच्या तळाशी बघायचं. तांदळाच्या कणीहूनही बारीक, पांढरं अंडं दिसतं. पहिल्या दिवशी ते उभं असतं, तिसऱ्या दिवशी आडवं झालेलं. अंडी दिसली म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी इथे होती, आणि दर घरात एकच अंडं असेल तर ती ठीकठाक आहे. झाकण लावा. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतींना चिकटलेली दिसली, तर राणी नसून कामकरी माश्याच अंडी घालत असल्याची शंका घ्यायची.

हे वाचता येऊ लागलं की दिवसांचा हिशेब आपोआप बसतो. अंड्यापासून राणी 16 दिवसांत, कामकरी 21 दिवसांत, नर 24 दिवसांत बाहेर येतो. राणीचं घर साधारण आठव्या-नवव्या दिवशी बंद होतं आणि थवा (जुनी राणी घेऊन पेटी सोडणाऱ्या माश्या) बहुधा त्याच सुमारास उडतो. म्हणून थवे सुटायच्या काळात आठवड्याने एकदा बघणं पुरतं. एरवी पेटी कमी उघडलेलीच बरी.

राणी-रोधक जाळीला दोष देणार नाही, पण ती कधी लावायची हे सांगायला हवं होतं. वरच्या कोठीत नुसती कोरी मेणपत्रे असतील तर माश्या जाळी ओलांडून वर जायला कुरकुर करतात. आधी जाळीशिवाय कोठी चढवा. माश्या वर बांधायला लागल्या की राणी खालीच आहे याची खात्री करून जाळी घाला. खालच्या दहा चौकटींपैकी सात-आठ बांधून भरल्याशिवाय वरची कोठी चढवायची घाई करू नये.

दारातलं खाद्यपात्र मी काढून टाकलं. साखरेचा पाक दाराशीच असला की लुटारूंना आमंत्रण. पेटीच्या आत, चौकटींच्या वर ठेवायचं भांडं घ्या आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यात तरंगती जाळी टाका. बांधकामाला जोर द्यायचा असेल तेव्हा साखर आणि पाणी समसमान, साठ्यासाठी दोनास एक. बाहेरचा, कुठला ते ठाऊक नसलेला मध माश्यांना घालू नका. त्यातून फाउलब्रूड या पिल्लांच्या रोगाचे बीजाणू येऊ शकतात आणि ते वर्षानुवर्षं टिकतात.

संचात नसलेली आणि हवी होती अशी वस्तू म्हणजे व्हरोआ माइट (माश्यांच्या अंगावर जगणारे बारीक परजीवी) मोजायची बरणी. जाळीचं झाकण असलेली साधी बरणी चालते. पिल्लांच्या चौकटीवरून अर्धा कप, म्हणजे अंदाजे 300 माश्या घ्यायच्या (राणी त्यात नाही ना, हे बघून), वर पिठीसाखर टाकून बरणी फिरवायची आणि झटकून पडलेले माइट मोजायचे. माश्या पांढऱ्याफटक होऊन परत जातात आणि एकमेकींना साफ करत बसतात.

मध काढायचं यंत्र पहिल्या हंगामात घेऊ नका. नवी वसाहत पोळं बांधण्यातच शक्ती खर्च करते, त्यामुळे काढण्याजोगा मध उरतोच असं नाही. ते पैसे दुसऱ्या पेटीत घाला. माझा पुढचा खर्च तोच आहे. दोन वसाहती असल्या तर एकीचं काही बिनसलंय हे दुसरीकडे बघून कळतं, आणि एकीची राणी गेली तर दुसरीतली अंड्यांची एक चौकट उचलून देता येते, त्यातून माश्या आपली राणी स्वतःच वाढवतात.