दोन बागा, एकच रिपोर्ट

द्राक्षाच्या खरड छाटणीला (उन्हाळ्यातली, वेलीच्या नव्या वाढीसाठीची छाटणी) 42 दिवस झाले होते, तेव्हा तो माणूस बागेत आला. गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. "दादा, माती आणि देठ परीक्षण मोफत. रिपोर्ट उद्या मोबाईलवर." तासगाव तालुक्यात आमची दीड एकर थॉम्सन जातीची द्राक्षबाग आहे, डॉगरिज खुंटावर (म्हणजे डॉगरिज वेलीच्या मुळावर कलम केलेली), काळ्या चुनखडीच्या रानात. शेजारच्या बागायतदारांनी करून घेतलं होतं, मीही हो म्हटलं.

त्यानं बांधाकडच्या दोन वेलींची वीसेक पानं ओरबाडून देठासकट प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबली. माती वरवरची, तीही बांधाजवळची. मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी रंगीत रिपोर्ट आला: नत्र कमी, जस्त कमी. खाली त्यांच्याच खतांच्या किटची यादी, दीड एकराला 21,500 रुपये. आणलं आणि ठिबकमधून सोडलं. वेली माजल्या, शेंडा थांबेना, आणि हे नेमकं सूक्ष्म घडनिर्मितीच्या दिवसांत, म्हणजे काडीच्या डोळ्यात पुढचा घड तयार होतो तेव्हा. फळ छाटणीनंतर (पावसाळा सरताना घडांसाठी करतात ती) निम्म्या फुटींवर गोळी घड (खुंटलेले बारके घड) आणि बाळ्या (घडाऐवजी आलेले ताणे). ढगाळ हवेचाही त्यात वाटा असेल, पण त्या दिवसांत नत्र ओतलं ते मीच.

दिवाळीत चुलतभावाचा रिपोर्ट पाहिला आणि पोटात गोळा आला. सामू (पीएच), क्षारता, चुना, देठातलं नत्र, सगळे आकडे दशांशापर्यंत माझेच. त्याचं रान मुरमाड. माझ्या मातीवर ॲसिडचा थेंब टाकला की ती फसफसते, त्याच्या मुरमावर काहीच होत नाही. मग दोघांचा चुना एक कसा?

देठ धुवून, भट्टीत वाळवून, दळून, ॲसिडमध्ये विरघळवल्याशिवाय त्यातलं काही मोजता येत नाही. ते एका रात्रीत उरकणारं काम नव्हे. आणि नमुना घ्यायची रीत ठरलेली आहे. खरड छाटणीनंतर साधारण 45 दिवसांनी पाचव्या पानाचा देठ, फळ छाटणीनंतर फुलोऱ्यात घडासमोरच्या पानाचा. पान तिथल्या तिथं तोडून टाकायचं, सगळ्या बागेत फिरून दीडशेच्या आसपास देठ गोळा करायचे आणि कागदी पिशवीत भरायचे. माती ठिबकच्या ओल्या पट्ट्यातली, अनेक ठिकाणची, एकत्र मिसळून.

फुलोऱ्यात मी स्वतः तसे देठ काढले आणि पैसे भरून प्रयोगशाळेत दिले. पालाश (पोटॅश) कमी, सोडियम जास्त. डॉगरिजवर हे दिसतं, असं तिथल्या मॅडमनी समजावलं आणि विहिरीचं पाणीही तपासायला सांगितलं. किटमध्ये पालाश नावालाही नव्हतं.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. तो कवठेमहांकाळकडच्या बागांत फिरतोय असं पाहुण्यांकडून कळलं. तुमच्याकडे आला तर प्रयोगशाळेचा पत्ता, नमुना क्रमांक आणि तपासणाऱ्याची सही रिपोर्टवर कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा. माझ्या आणि भावाच्या रिपोर्टवर यातलं एकही नव्हतं.