नगराध्यक्षपद की खासदारकी?

आमच्या तालुक्यातला एक मित्र नगराध्यक्ष आहे. लोकसभेच्या तिकिटाची हवा आली आणि त्याचा फोन आला, "काय करू रे?"

खर्च: लोकसभेला उमेदवाराची अधिकृत खर्चमर्यादा ९५ लाख. नगरपरिषदेची त्यापुढे किरकोळ.

काम दिसणं: इथे खरा फरक. नगराध्यक्षाच्या दारात सकाळी सहाला बाया रिकाम्या कळश्या घेऊन उभ्या. पाइप दुरुस्त झाला की संध्याकाळी चहाला बोलावणं, नाही झाला तर शिव्या. (मुख्याधिकारी आडवा आला तरी शिव्या नगराध्यक्षालाच.) खासदार ५४३ जणांतला एक. वर्षाला ५ कोटींचा निधी, तोही तो फक्त सुचवणार, खर्च जिल्हा प्रशासन करणार. एका रेल्वे थांब्यासाठी वर्षानुवर्षं पत्रं. पण कायदा, अर्थसंकल्प, राष्ट्रीय महामार्ग यांवर बोलायचं तर संसदच.

टिकाव: अमेरिकेत बर्नी सँडर्स १९८१ मध्ये बर्लिंग्टनचे महापौर झाले, अवघ्या १० मतांनी. १९८९ पर्यंत ते पद सांभाळलं. १९८८ मध्ये प्रतिनिधीगृहाची (तिथल्या संसदेचं खालचं सभागृह) निवडणूक हरले, १९९० मध्ये जिंकले, २००७ पासून सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात. म्हणजे गावात सात वर्षं मुरले, तरी प्रतिनिधीगृहाच्या पहिल्या उडीत आपटलेच.

माझं मत: नळ, गटार, घरपट्टीत ज्याचा जीव रमतो त्याने खुर्ची सोडू नये. ज्याला तेच प्रश्न पुन्हापुन्हा वरच अडलेले दिसतात, आणि एक पराभव पचवायची ऐपत आहे, त्याने दिल्ली बघावी. मित्राला म्हटलं, आधी पाणीयोजना पुरी कर.