इम्पल्सिफर : आपल्याच खोलीतले स्पीकर हेडफोनवर

साध्या हेडफोनवर चित्रपट पाहताना आवाज डोक्याच्या आत, दोन कानांच्या मधोमध अडकून राहतो. स्पीकरचा आवाज एका कानाला किंचित आधी आणि मोठा पोहोचतो, कर्णपाळीच्या वळणांनी त्याचा पोत बदलतो आणि मागोमाग भिंतींवरून परतलेले पडसाद येतात. हेडफोनमध्ये यातले काहीच उरत नाही. हा सगळा बदल कानाच्या तोंडाशी ठेवलेल्या माइकने टिपला, की त्या खोलीचा आणि त्या डोक्याचा मिळून एक ठसा हाती येतो. त्यालाच ‘बायनॉरल रूम इम्पल्स रिस्पॉन्स’ म्हणतात. चित्रपटाच्या सराउंड आवाजाचे, म्हणजे चहूबाजूंनी मांडलेले, सात स्पीकर आणि दोन कान धरले, तर असे चौदा ठसे लागतात.

हेडफोनचा आवाज सुधारणाऱ्या ऑटोईक्यू या प्रकल्पाच्या विकासकाचे इम्पल्सिफर हे मोफत सॉफ्टवेअर हे मोजमाप घरी करू देते. सात स्पीकर नसले तरी चालते, ही त्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट. समोरची जोडी मध्यरेषेपासून ३० अंशांवर ठेवून खुर्ची उजवीकडे १२० अंश वळवली, की उजवा स्पीकर आपल्या डाव्या हाताला ९० अंशांवर येतो आणि डावा पाठीमागे १५० अंशांवर जातो, म्हणजे तीच जोडी बाजूच्या आणि मागच्या स्पीकरचे काम करते. हेडफोन घालूनही, कानातले माइक न हलवता, एक मोजमाप घ्यावे लागते. त्यामुळे हेडफोनचा स्वतःचा रंग वजा होतो आणि दोन्हीकडे माइक तोच असल्याने त्याचे दोषही कटतात.

मोजमाप घेताना मात्र खरी शांतता हवी. माझा पहिला प्रयत्न पंख्याच्या घरघरीने वाया गेला. दुसऱ्यात मोजमापासाठी स्पीकरमधून वाजणारा, खालून वरपर्यंत चढत जाणारा सूर निम्म्यावर असताना शेजारच्या घरातल्या कुकरची शिट्टी झाली. अखेर रात्री दीडला पंखा आणि फ्रिज बंद करून बसलो, तेव्हा काम झाले.

तयार झालेली फाइल विंडोजवर इक्वलायझर एपीओ आणि हेसुवी या, असे ठसे हेडफोनच्या आवाजावर चढवणाऱ्या प्रोग्रामच्या जोडीत घातली आणि संवाद समोरून, पडद्याच्या जागेवरून ऐकू आले. स्पीकर चुकून चालू राहिले असावेत असे वाटून मी उठून त्यांच्या जाळीला हात लावून पाहिला. हेसुवीतले तयार संच दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर किंवा पुतळ्यावर घेतलेले असल्याने त्यांत मला समोरचा आवाज कपाळाच्या वर चढलेला वाटे. स्वतःच्या कानांचे मोजमाप वापरल्यावर तो खाली, योग्य अंतरावर आला. पडसादांमुळे स्टीरिओ संगीत थोडे धूसर होते, म्हणून गाण्यांसाठी मी हे बंदच ठेवतो.

मान वळवली की सारी खोली आपल्याबरोबर वळते, ही उणीव मोठी आहे, कारण पुढचा आवाज कोणता आणि मागचा कोणता हे ठरवताना मेंदू मानेच्या बारीक हालचालींवरच विसंबतो. स्मिथ रिअलायझर हे महागडे उपकरण मानेचा माग ठेवून ती भरून काढते. शिवाय एखादा प्लेअर एएसआयओ किंवा वासापीच्या एक्स्क्लुझिव्ह मोडवर, म्हणजे विंडोजचा मिक्सर टाळून थेट साउंडकार्डला आवाज देणाऱ्या मार्गावर, चालत असेल, तर आवाज इक्वलायझर एपीओला वळसा घालून जातो आणि परिणाम शून्य होतो. ते सेटिंग आधी तपासावे. घरात बरे स्पीकर आहेत, पण रात्री ते वाजवण्याची सोय नाही, अशांनी कानातल्या माइकवर खर्च अवश्य करावा.