सोया-ओट दूध ठेवू की व्हेज मटण?

दादरला दुकान असलेला मावसभाऊ विचारतोय, एकाच मालात पैसे घालायचेत, कुठला घेऊ?

आधी साठवण बघ, कारण खरा खर्च तिथेच आहे. सोया, बदाम, ओटचे सीलबंद खोके उघडेपर्यंत फ्रीजशिवाय काही महिने टिकतात, व्हेज मटण, म्हणजे वनस्पतींपासून केलेलं नकली मटण, त्याचे कीमा-सीख बहुतेक फ्रोझन, उणे 18 डिग्री लागतं म्हणजे डीप फ्रीजर आणि त्याचं लाइटबिल, पावसाळ्यात लाइट गेली की जीव टांगणीला.

किंमत दोन्हीकडे जड. पण सप्टेंबर 2025 पासून सोया दुधावरचा जीएसटी 12 वरून आणि बदाम-ओटसारख्या बाकी वनस्पती दुधावरचा 18 वरून 5 टक्के झालाय, तेवढा दिलासा. (पाकिटावर ‘दूध’ लिहायला मात्र एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा यंत्रणेची, मनाई आहे बरं का.)

गिऱ्हाईक? दूध न पचणारे पुष्कळ आहेत, ते परत परत येतात. व्हेज मटणाची गाठ मात्र स्वस्त सोयाबीन वडीशी, आणि श्रावणात आपल्याकडे वालाचं बिरडं असतंच की, नकली मटण कोण शोधतंय!

छोटं दुकान असेल तर दूधच घे. फ्रीजर आधीच चालू असेल, आसपास जिमवाले किंवा नुकतेच शाकाहारी झालेले असतील, तर थोडा कीमा ठेवून बघ.